दर सात वर्षांनी शरीर नवं होतं का?

"दर 7 वर्षांनी शरीरातली प्रत्येक पेशी बदलते, म्हणजे आपण पूर्ण नवे होतो," असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो. पेशी बदलतात, पण सगळ्या नाही, आणि एका ठरावीक वेळापत्रकाने तर नाहीच.

आतड्याच्या अस्तरातल्या बहुतेक पेशी काही दिवसांतच बदलतात. तांबडी पेशी साधारण 120 दिवस टिकते. तिच्यात केंद्रक (डीएनए असलेला भाग) नसतं, प्रथिनं बनवणारे रायबोसोमही नसतात. त्यामुळे झीज भरायला नवी प्रथिनं बनवता येत नाहीत. पडताळा हवा असेल तर घरातल्या कुणाचा तरी एचबीएवनसी (HbA1c, मधुमेहासाठी करतात ती रक्तचाचणी) रिपोर्ट बघा. साखर या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते आणि पेशी तेवढेच दिवस जगतात, म्हणून तो रिपोर्ट मागच्या सुमारे 3 महिन्यांचाच हिशेब सांगतो.

मेंदूच्या बाह्यपटलातल्या चेतापेशी मात्र जवळपास जन्मभर त्याच. जुन्या वाड्यासारखं समजा: कौलं शाकारतात, सडका वासा बदलतात, वाडा तोच राहतो. चेतापेशीत लयकारिका (पेशीतला कचरा मोडणाऱ्या पिशव्या) जीर्ण तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) मोडून काढतात, रायबोसोम नवी प्रथिनं घडवतात; केंद्रकातला डीएनए बव्हंशी मूळचाच.

हे कळलं कसं? 1950-60च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-14 (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) वाढलं, मग हळूहळू घटलं. पेशी तयार होते तेव्हाचं प्रमाण तिच्या डीएनएत उतरतं. ते मोजलं की वय निघतं.

डोळ्याच्या भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं तर जन्माआधीपासूनची असतात. ती बदलली जात नाहीत, म्हणूनच उतारवयात मोतीबिंदू इतका सर्रास दिसतो.