घरातून व्यवसाय करणाऱ्यांची जीएसटी नोंदणी: जागेच्या कागदपत्रांवर अर्ज का अडतो?

घरून काम करणाऱ्या प्रत्येकाला जीएसटी नोंदणी लागत नाही. पगारदार कर्मचारी घरी बसून काम करत असला, तरी त्याचा पगार या कराच्या कक्षेत येतच नाही. स्वतंत्रपणे सेवा देणाऱ्या व्यावसायिकाची वार्षिक उलाढाल मात्र २० लाख रुपयांच्या पुढे गेली, की महाराष्ट्रात त्याला ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. उलाढाल म्हणजे खर्च वजा जाता उरलेली रक्कम नव्हे. एका पॅनवरील सगळी बिले, परदेशी ग्राहकांची आणि करमाफ सेवांचीसुद्धा, त्यात धरली जातात. हे ठाऊक नसल्याने अनेकांची मुदत नकळत उलटून जाते.

पॅन, आधार पडताळणी आणि छायाचित्र यांत सहसा कोणी अडत नाही. अर्ज अडतो तो व्यवसायाच्या जागेच्या पुराव्यावर.

घर स्वतःच्या नावावर असल्यास मालमत्ता कराची ताजी पावती किंवा वीजबिल, यांपैकी एकच कागद पुरतो. घर आईवडिलांच्या किंवा जोडीदाराच्या नावावर असल्यास त्यांचे संमतीपत्र, ओळखपत्र आणि मालकीचा एक कागद जोडावा. संमतीपत्र साध्या कागदावर चालते, त्यासाठी मुद्रांक घेण्याची गरज नाही. खरी अडचण होते ती वीजबिल आणि कराची पावती अजूनही दिवंगत वडिलांच्या नावावर असते तेव्हा, कारण संमती देणारी व्यक्तीच हयात नसते. अशा घरांनी वारसाचे नाव लावून घेण्याचे काम अर्जाच्या कितीतरी आधी हाती घ्यावे.

भाड्याच्या घरासाठी भाडेकरार आणि घरमालकाच्या मालकीचा एक कागद लागतो. करार नोंदणीकृत असेल तर घरमालकाचे ओळखपत्र मागितले जाऊ नये. करारात ‘केवळ निवासासाठी’ असे कलम असल्यास घरमालकाची व्यवसायासाठी लेखी संमती आधीच घ्यावी. ती आयत्या वेळी मिळत नाही.

एवढे करूनही ‘हा व्यवसाय या जागेतून कसा होणार?’ अशी विचारणा होते, आणि संगणकावर काम करणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारला जावा याची चीड येते. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने १७ एप्रिल २०२५ च्या सूचना क्रमांक ०३/२०२५ मध्ये असे निव्वळ अंदाजावर आधारलेले प्रश्न विचारू नयेत, असे आपल्या अधिकाऱ्यांना स्पष्ट बजावले आहे. उत्तरात या सूचनेचा क्रमांक आणि तारीख लिहावी. अर्ज केंद्राऐवजी राज्याच्या अधिकाऱ्याकडे गेला असेल तर ती सूचना त्याला थेट उद्देशून नाही, तरीही तिची प्रत जोडलेली बरी.

विचारणा आरईजी-०३ या नमुन्यात येते आणि आरईजी-०४ मध्ये सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावे लागते. ती ईमेलच्या गर्दीत हरवते, म्हणून अर्ज केल्यानंतर जीएसटीच्या संकेतस्थळावर रोज लक्ष ठेवा. उत्तर गेले नाही तर अर्ज फेटाळला जातो. तसे झाल्यास आदेशातील कारण वाचून, नेमका तोच कागद दुरुस्त करून नव्याने अर्ज करता येतो. नोंदणीला सरकारी शुल्क नाही.