हैदराबाद दहा वर्षे सामाईक राजधानी होते. उत्पन्न सामाईक नव्हते

आंध्र प्रदेशाच्या विभाजनानंतर हैदराबादच्या करउत्पन्नातला वाटा दहा वर्षे आंध्रला मिळत होता, हा समज आजही अनेकांच्या मनात आहे. तो चुकीचा आहे.

२०१४ च्या पुनर्रचना कायद्याने, २ जून २०१४ पासून जास्तीत जास्त दहा वर्षे, हैदराबाद महानगरपालिकेचे क्षेत्र दोन्ही राज्यांची सामाईक राजधानी ठरवले. परंतु त्याचा अर्थ आंध्रला तेथून कारभार चालवण्याची मुभा, एवढाच होता. शहर तेलंगणाच्या हद्दीत असल्याने तेथे जमा होणारा राज्याचा महसूल तेलंगणाचाच राहिला. थकीत करांच्या वसुलीचा हक्कसुद्धा, मालमत्ता किंवा करआकारणीचे ठिकाण ज्या राज्यात असेल त्याच राज्याला देण्यात आला.

खरी मेख इथे आहे. सार्वजनिक कर्जाची वाटणी मात्र मुख्यतः लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे आंध्रकडे ५८.३२ टक्के आणि तेलंगणाकडे ४१.६८ टक्के, अशी झाली. त्यामुळे कर्जाचा मोठा भाग घेऊन आंध्र बाहेर पडला आणि अविभाजित राज्याचे सर्वांत मोठे महसुली केंद्र त्याच्या हातून गेले. आंध्रच्या साधनसंपत्तीचा विचार करून केंद्राने अनुदान देण्याची तरतूद कायद्यात आहे, ती उगाच नव्हे.

गैरसमजाला थोडा आधार कदाचित शिक्षणाच्या तरतुदीने दिला असावा, कारण उच्च शिक्षणातील प्रवेशांचा प्रचलित कोटा खरोखरच दहा वर्षांसाठी कायम ठेवला होता.