धावणाऱ्यांची नडगी आणि दहा टक्क्यांचा नियम

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी पावसाळ्यातच सुरू होते आणि धावणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक नियम पुन्हा फिरू लागतो: आठवड्याचं मायलेज, म्हणजे धावण्याचं एकूण अंतर, दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका. हा नियम प्रशिक्षक सांगतात, फिजिओ सांगतात, बुटांच्या दुकानातला विक्रेताही सांगतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन इथे तो प्रत्यक्ष तपासून पाहिला गेला आणि 2008 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाचशेहून अधिक नवख्या धावपटूंचे दोन गट केले होते. एकाने दहा टक्क्यांच्या बेताने 13 आठवडे तयारी केली, दुसऱ्याने नेहमीच्या 8 आठवड्यांच्या कार्यक्रमाने. दोन्ही गटांत साधारण पाचातला एक जण जायबंदी झाला. संथपणाचा काही उपयोग दिसला नाही.

मग दुखापत नेमकी कशाने होते? या प्रश्नाची सुरुवात मैदानावर नाही, छावणीत झाली. 1855 साली प्रशियाच्या लष्करातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी एक विचित्र तक्रार नोंदवली. लांबच लांब कूच केल्यावर सैनिकांचे पाय सुजत आणि ठणकत, पण कुठे मार लागलेला नसे. आतलं हाड बघायला तेव्हा साधनच नव्हतं. क्ष-किरणांचा शोध 1895 मध्ये लागला आणि दोनच वर्षांत उलगडा झाला: पावलातल्या लांब हाडांना तडे गेले होते. पुढे त्याला ‘मार्च फ्रॅक्चर’ म्हणू लागले. आज आपण स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतो ते हेच.

यामागची गोम हाडाच्या डागडुजीत आहे. नवा ताण पडला की हाड स्वतःला नव्याने घडवतं, पण आधी जुना भाग पोखरला जातो आणि मग नवा भरला जातो. हे चक्र पुरं व्हायला तीन-चार महिने लागतात. हृदय आणि फुप्फुसं त्याच्या कितीतरी आधी तयार होतात. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दम वाढलेला असतो, उत्साह ओसंडत असतो आणि हाड मात्र आधीपेक्षा नाजूक झालेलं असू शकतं. आपल्याकडे पोलीस भरतीची जाहिरात निघाली की 1600 मीटरच्या तयारीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर एकदम धावू लागणाऱ्या पोरांची नडगी नेमकी याच काळात धरते. बरेच जण त्यावर बाम चोळून धावतच राहतात. प्रशियाच्या सैनिकांपेक्षा त्यांची अवस्था फार वेगळी नाही.

खेळाच्या दुनियेत मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ‘अजून किती करता येईल’ हाच सवाल होता. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक लष्करी बूट घालून 400 मीटरच्या ढिगाने फेऱ्या मारायचा आणि 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 5000 मीटर, 10000 मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदकं घेऊन गेला. त्याचं बघून तसंच करणारे किती जण मोडले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. न्यूझीलंडच्या आर्थर लिडियर्डने दिशा बदलली. ऑकलंडमध्ये बुटांच्या कारखान्यात काम करणारा हा माणूस आधी स्वतःवर प्रयोग करत राहिला आणि आठवड्याला 100 मैल, तेही बहुतांशी दम न लागता, या बेतावर येऊन थांबला. रविवारी वाइटाकेरेच्या डोंगरातून 22 मैल. 800 मीटरवाल्या पीटर स्नेललाही त्यातून सुटका नव्हती. 1960 मध्ये रोमला स्नेलने 800 आणि मरे हॅलबर्गने 5000 मीटरचं सुवर्ण एकाच दिवशी जिंकलं, तेव्हा जगाचं लक्ष तिकडे गेलं.

1962 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन न्यूझीलंडला जाऊन लिडियर्डच्या मंडळींबरोबर धावले. पन्नाशीतल्या बॉवरमनना धाप लागली आणि सत्तरी ओलांडलेला, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेला एक गृहस्थ त्यांच्या सोबतीला मागे राहिला. तिथून ते जॉगिंगचं वेड घेऊन परतले. माझ्या मते त्यांचं खरं देणं मात्र दुसरंच: एक दिवस कष्टाचा, तर पुढचा एक किंवा दोन दिवस हलके. हे पोरांच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं. केनी मूर नावाचा त्यांचा धावपटू हलक्या दिवशी चोरून जास्तीचे मैल मारायचा. बॉवरमननी एकदा अक्षरशः त्याची मान पकडली आणि तीन आठवडे दिवसाला तीन मैलांहून जास्त धावायचं नाही, असं बजावलं. मूर धुमसला, पण ऐकलं. तीन आठवड्यांनी तो दोन मैल 8 मिनिटं 48 सेकंदांत धावला, आपल्या आधीच्या वेळेपेक्षा तब्बल 27 सेकंद कमी. हाच मूर 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये चौथा आला.

बॉवरमन यांच्याच युजीन गावातल्या अस्थिरोगतज्ज्ञ स्टॅन जेम्स यांनी 1978 मध्ये सहकाऱ्यांसह धावपटूंच्या दुखापतींवर एक निबंध लिहिला. सर्वांत मोठं कारण निघालं सरावातल्या चुका, म्हणजे अंतर, वेग किंवा पृष्ठभाग यांत केलेला अचानक बदल. 1984 मध्ये जोन बेनॉइटच्या गुडघ्यावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली ती जेम्स यांनीच. सतराव्या दिवशी तिने अमेरिकेची निवड चाचणी जिंकली आणि त्याच उन्हाळ्यात महिलांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉनही. असे चमत्कार लोकांच्या लक्षात राहतात आणि निबंध विसरले जातात, हे ओघानं आलंच.

बुटांच्या गाद्या, मग 2010 च्या सुमारास अनवाणी धावण्याची लाट, यावर पैसा आणि शाई पुष्कळ खर्च झाली. पाच बोटांचे बूट विकणाऱ्या व्हिब्रम कंपनीला दुखापत टळण्याच्या दाव्यांवरचा खटला 2014 मध्ये पैसे देऊन मिटवावा लागला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने एका जास्त गंभीर गोष्टीला अधिकृत नाव दिलं: शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं त्या मानाने पोटात कमी गेलं की हाडं ठिसूळ होतात, बायकांची पाळी बंद होऊ शकते, आणि पुरुषही त्यातून सुटत नाहीत. वजन उतरवायचं म्हणून रात्रीचं जेवण सोडून पहाटे 15 किलोमीटर मारणाऱ्यांनी हे बुटांच्या आधी वाचावं.

दहा टक्के अखेर वेगळ्याच वाटेने परत आले. 2025 मध्ये डेन्मार्कच्या आर्हुस विद्यापीठातल्या संशोधकांनी पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या मनगटी घड्याळांतल्या नोंदी तपासल्या. आठवड्यांच्या बेरजेतली वाढ धोका सांगू शकली नाही. मागच्या 30 दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एखादी धाव दहा टक्क्यांहून जास्त लांबली, की मात्र दुखापतीची शक्यता ठळकपणे वाढत होती. मधल्या वारी धावणं कमी करून, आठवड्याची बेरीज तेवढीच ठेवून, रविवारी 14 वरून थेट 20 किलोमीटरवर जाणारा माणूस जुन्या नियमात चोख बसतो. या नोंदींप्रमाणे तो धोक्याच्या गटात येतो.