सरकारी व अनुदानित महाविद्यालयांची बांधकामे : लोकांना काय दाखवावे लागते?

बांधकामांचे कागद सांभाळणे हे आमचे काम. आमच्याकडे दोन प्रकारचे ग्राहक येतात. एक, ज्यांच्या आवारात काम चालू आहे ते प्राचार्य आणि कुलसचिव. दुसरे, ते काम घेतलेले कंत्राटदार. दोघांचा प्रश्न एकच असतो : "माहिती अधिकाराचा अर्ज आलाय, आता काय द्यायचं?" त्यासाठी हे पत्रक काढले आहे. पण आमचे म्हणणे अर्जाच्या आधीपासून सुरू होते, कारण बरीच माहिती कोणी न मागताच द्यायची असते.

अर्ज येण्याआधी

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये सतरा मुद्दे आहेत. ते प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने (म्हणजे सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेने) स्वतःहून प्रसिद्ध करायचे आणि वेळोवेळी अद्ययावत ठेवायचे असतात. बांधकामाच्या दृष्टीने अकरावा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा : अंदाजपत्रकातली तरतूद, योजना, प्रस्तावित खर्च आणि प्रत्यक्ष वाटलेल्या रकमांचा अहवाल. बहुतेक संकेतस्थळांवर इथे दोन-तीन वर्षांपूर्वीची पीडीएफ पडलेली असते. प्रशासकीय मान्यता कधी व किती रकमेची, तांत्रिक मान्यता कोणाची, कार्यारंभ आदेशाची तारीख, कामाची मुदत, आतापर्यंत अदा झालेली चालू देयके (काम सुरू असताना टप्प्याटप्प्याने निघणारी बिले), मुदतवाढ दिली असल्यास तिचे कारण, एवढे एका पानावर मांडा आणि दर देयकानंतर ते पान बदला. निम्मे अर्ज येणारच नाहीत, हा आमचा अनुभव आहे.

"आमची संस्था खासगी आहे, आम्हाला हे लागू नाही," असे काही संस्थाचालक सांगतात. अनुदान घेत असाल तर हे गृहीत धरू नका. सरकारकडून भरीव वित्तपुरवठा होणारी महाविद्यालयेही या कायद्याखाली येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात सप्टेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. तो पुरवठा थेट रोख रकमेचाच हवा असेही नाही. सवलतीत मिळालेली जमीनसुद्धा त्यात धरली जाऊ शकते.

अर्ज आल्यावर

उत्तराची मुदत ३० दिवस. विनाकारण उशीर झाला तर माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो. एवढे सर्वांना पाठ असते. 'माहितीचा अधिकार' या शब्दांची व्याख्या मात्र फार थोड्यांनी वाचलेली असते. कलम २ प्रमाणे नागरिकाला कागदांच्या प्रतीच नव्हे, तर प्रत्यक्ष कामाची पाहणी मागता येते आणि साहित्याचे प्रमाणित नमुनेही घेता येतात. म्हणजे वाळू, सिमेंट, सळई.

काही वर्षांपूर्वी मुलींच्या एका वसतिगृहाच्या कामाचे कागद आम्ही सांभाळत होतो. अर्जदार होते तिथेच शिकणाऱ्या एका मुलीचे वडील, स्वतः गवंडी. त्यांनी प्रती मागितल्याच नव्हत्या, काम बघायला मागितले होते. आले, चप्पल काढून स्लॅबवर गेले, कॉलमवर हात फिरवला. खाली टाकीत तिसऱ्या मजल्याचे क्यूब (काँक्रीटची ताकद तपासण्यासाठी भरलेले ठोकळे) बुडवलेले होते, प्रत्येकावर खिळ्याने कोरलेली तारीख. ती पाहून त्यांनी समाधानाने मान हलवली. मग विचारले, "दुसऱ्या मजल्याचा अठ्ठावीस दिवसांचा रिपोर्ट?" फाइलला काँक्रीट ओतल्यावर सात दिवसांनी केलेल्या चाचणीचा होता, अठ्ठावीस दिवसांनी केलेल्या चाचणीचा नव्हता. शोधाशोध करून तो साइट इंजिनिअरच्या गाडीत सापडला. काँक्रीटची ताकद हवी त्याहून थोडी जास्तच होती. काम चोख असूनही तो अर्धा तास आम्ही सगळे माना खाली घालून उभे होतो. ज्याची मुलगी त्या छताखाली झोपणार, त्याला तो कागद मागितल्याबरोबर मिळायला हवा होता.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक कामावर एक शिस्त आहे. चाचणीचा अहवाल ज्या दिवशी येईल त्याच दिवशी त्यावर मोजमाप पुस्तकाचा (झालेल्या कामाची मापे लिहायच्या वहीचा) पान क्रमांक लिहायचा आणि प्रत महाविद्यालयाच्या फाइलला लावायची. मोजमाप पुस्तकात खाडाखोड नाही. चूक झालीच तर एक रेघ मारून वर बरोबर आकडा, शेजारी सही व तारीख. पांढरी शाई लावलेले पान अर्जदाराच्या हातात पडले, की पुढचे कोणतेच पान त्याला खरे वाटत नाही.

कंत्राटदारांसाठी

तुम्ही दिलेल्या, गोपनीय मानलेल्या माहितीची मागणी आली, तर 'त्रयस्थ पक्ष' म्हणून तुम्हाला कलम ११ खाली नोटीस येते. म्हणणे मांडायला १० दिवस मिळतात. अनेक जण त्यावर नुसतेच "हरकत आहे" असे लिहून पाठवतात. तसे करू नका. बँक खात्याचा तपशील, मजुरांची वैयक्तिक माहिती यांवर हरकत जरूर घ्या, आणि कारण लिहा. पण सरकारी पैशातून मिळालेला दर आणि उचललेले देयक झाकून ठेवण्याचा आग्रह धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मोठे संकुल असेल तर

बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर (सुमारे २ लाख १५ हजार चौरस फूट) किंवा त्याहून जास्त असेल, तर केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे आधी पर्यावरण मंजुरी लागते. शैक्षणिक इमारतींना यातून दिलेली सूट सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑगस्ट २०२५ रोजी रद्द केली. मुंबईच्या वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर हा निकाल लागला. "कॉलेजला लागत नाही" असे जुना सल्लागार सांगत असेल, तर त्याला ही तारीख दाखवा.

मंजुरी मिळाल्यावर वर्तमानपत्रात ठळक जाहिरात द्यायची. मंजुरीची प्रत ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला द्यायची, आणि ती त्यांनी ३० दिवस लावून ठेवायची. त्यानंतर दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटींच्या पूर्ततेचा अहवाल जातो. हा अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहे. अर्ज करणाऱ्या कोणालाही त्याची प्रत द्यावी लागते. संकुल टप्प्याटप्प्याने होणार असेल तर मर्यादेखाली राहण्यासाठी त्याचे कागदावर तुकडे पाडू नका. असे काम आम्ही हाती घेत नाही.

आमच्याकडे पहिल्यांदा येताना प्रशासकीय मान्यतेची प्रत, कार्यारंभ आदेश, शेवटचे चालू देयक आणि आलेला अर्ज लिफाफ्यासकट आणा. मुदत अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून मोजली जाते, म्हणून आवक शिक्क्याचे पान विसरू नका.