पात्याचे आकार (चाकू, सुरी, विळी, कोयता वगैरे)

पात्याचा आकार म्हणजे धारेची रेघ आणि पाठीची रेघ टोकाकडे जाऊन एकमेकींना कशा भेटतात ते. मूठ लाकडाची का प्लास्टिकची, स्टील कुठलं, हा वेगळा विषय. नाशिकच्या भांडी बाजारात सुरी मागितली तर दुकानदार आकाराचं नाव विचारत नाही, "भाजीला पाहिजे का फळाला?" एवढंच विचारतो आणि वर्गवारी खरं तर तिथूनच सुरू करावी, कारण बहुतेक आकार कामातून आलेत.

आपल्याकडची नावं जरा गंमतशीर आहेत. सुरी संस्कृत छुरिकेवरून आली, चाकू फारसीतून. सुरा मोठा आणि सुरी लहान इथपर्यंत ठीक, पण त्याच हिशोबाने विळी म्हणजे छोटा विळा समजाल तर फसाल. विळा हातात धरून पिकावर ओढायचा, विळी मात्र पाटावर बसवलेली, धार आपल्याकडे, पाट पायाखाली दाबायचा आणि भोपळा दोन्ही हातांनी पात्यावर ढकलायचा, म्हणजे पातं जागेवर आणि हलते ती भाजी. इंग्रजी चार्टमध्ये वीस-पंचवीस आकार असतात पण विळी बहुतेक नसतेच, कारण सगळे आकार हातात धरायचे असं गृहीत धरलेलं असतं. माझ्या मते पहिला फरक हाच करायला हवा, टोकाबिकाचं नंतर.

मग बघायची धार. सरळ धारेत शीप्सफूट येतं: धार सरळ, पाठच पुढे उतरून धारेला मिळते, टोचणारं टोक जवळजवळ नाहीच, म्हणून जहाजावरचे खलाशी हे पसंत करायचे, डोलत्या डेकवर दोर कापताना कुणाला भोसकलं जायला नको. जपानची नाकिरी पण सरळ धारेची, भाजीसाठीच. बाहेर फुगलेल्या धारेला आपण पोट म्हणू, खाटकाच्या सुऱ्याला ते चांगलं मोठं असतं, त्यामुळे लांब ओढीत मांस कापलं जातं आणि कातडं सोलताना टोक आत घुसत नाही. सांतोकू या दोघांच्या मधली, विसाव्या शतकात जपानी घरांसाठी निघालेली, नावाचा अर्थ तीन गुण, म्हणजे मांस, मासे, भाजी.

आत वळलेली धार आपल्या ओळखीची. विळ्याच्या बाकात काड्या गोळा होतात, ओढताना निसटत नाहीत, गवत-धान्यासाठी त्याला दातेही पाडतात. नेपाळची कुकरीही आतच वाकते पण तिचं वजन पुढे असतं त्यामुळे घाव जोरात बसतो. ऊसतोडीचा कोयता तसाच, घाव घालायचा. गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून घिसाडी असे कोयते घडवतात, पातं लालभडक तापवून ठोकायचं आणि शेवटी पाणी द्यायचं, म्हणजे तापलेलं पातं एकदम बुडवून गार करायचं, तेव्हा धार टिकते.

टोकाचे प्रकार मुख्यतः दोन. ड्रॉप पॉइंटमध्ये पाठ हळूहळू खाली येते, टोक दणकट राहतं. क्लिप पॉइंटमध्ये पाठीचा पुढचा तुकडा उडवल्यासारखा दिसतो, टोक बारीक होतं, घुसायला सोपं पण मोडायलाही. अमेरिकेत 1827 च्या एका मारामारीनंतर जिम बोवीचं नाव गाजलं आणि पुढे ज्याला बोवी नाइफ म्हणायला लागले त्याची ओळख हेच टोक झालं.

द्राक्षवाल्यांचा कलमाचा चाकू यात कुठे बसवायचा? आकाराने साधा, सरळ धारेचा, खरी गोष्ट म्हणजे धार एकाच बाजूने घासलेली असते, दुसरी बाजू सपाट, त्यामुळे काडीवरचा काप अगदी सपाट येतो आणि पाचर कलमात डॉगरीजच्या (मुळासाठी लावतात ती द्राक्षाची जात) खुंटाला काडी चिकटून बसते. दोन्हीकडून धार असलेली किचनची सुरी वापरली की काप हलकासा गोलसर होतो, मग मध्ये फट राहते.

आपला शस्त्र कायदाही मापावर चालतो: पातं 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद असेल तर ते शस्त्रांच्या यादीत जातं, मात्र घरकाम, शेती, उद्योग यांसाठी बनवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत, नाहीतर प्रत्येक ऊसतोड्याचा कोयता शस्त्रात गेला असता.

अजून एक, जुनी विळी बघून मूळ आकार सांगता येत नाही. सायकलवर चाक फिरवत येणारा धारवाला दर वेळी मधलाच भाग जास्त घासतो कारण बोथट तोच झालेला असतो, वीसेक वर्षांत पातं मध्यात बोटभर उरतं आणि वरची खवणी मात्र तशीच्या तशी.