सालीतलं औषध, झाडाचा जीव

१९६२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका जंगलात आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञाने पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल सोलून घेतली. मोठ्या वृक्षांच्या सावलीत सावकाश वाढणारं हे झाड लाकूडतोड्यांच्या लेखी कुचकामी होतं, बाकीच्या कचऱ्याबरोबर ते जाळून टाकत. कॅन्सरवर उपयोगी पडेल असं काही मिळतं का, हे पाहण्यासाठी सरकारने हजारो वनस्पती गोळा करायला घेतल्या होत्या, त्यांतली ही एक.

साल पोचली नॉर्थ कॅरोलिनामधल्या प्रयोगशाळेत, मन्रो वॉल आणि नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांच्याकडे. तिचा अर्क पेशींना मारतो हे लवकरच दिसलं, पण त्यातला नेमका रेणू वेगळा काढून त्याची रचना जाहीर व्हायला १९७१ उजाडलं. हा रेणू म्हणजे टॅक्सॉल. आज डॉक्टर त्याला पॅक्लिटॅक्सेल म्हणतात.

तो काम कसा करतो, हे १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवलं. पेशीचे दोन भाग होताना आत सूक्ष्म नळ्यांची एक परांची उभी राहते, गुणसूत्रांची वाटणी करते आणि काम झालं की सुटते. सदाफुलीपासून मिळणारी औषधं ही परांची उभीच राहू देत नाहीत. टॅक्सॉलचं नेमकं उलट: ते परांची बांधू देतं, पण सुटू देत नाही. पेशी विभाजनाच्या मध्येच अडकते आणि बहुतेक वेळा मरते. मला या सगळ्या कहाणीत हा शोध सर्वांत सुंदर वाटतो. औषधाचा त्रासही त्यातूनच उलगडतो. केसांच्या मुळाशी पेशी भराभर वाढतात, म्हणून केस गळतात. मज्जातंतूंना याच नळ्यांचा आधार असतो, म्हणून बोटं बधिर होतात.

१९९२ च्या अखेरीस अंडाशयाच्या कॅन्सरसाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, पुढे स्तनांच्या कॅन्सरसाठीही. पण खरी अडचण सालीचीच होती. एक ग्रॅम औषधाला सुमारे दहा किलो वाळलेली साल लागे आणि साल पूर्ण सोलली की झाड मरतं. एका रुग्णाच्या उपचारासाठी अनेक झाडं, तीही वाढायला शंभर वर्षं घेणारी! रुग्ण वाचवायचा की जंगल, असा पेच खरोखरच उभा राहिला होता.

वाट निघाली ती पानांतून. फ्रान्समध्ये पिएर पोतिए यांच्या गटाला युरोपीय यूच्या सुईसारख्या पानांत टॅक्सॉलचा जवळचा नातलग रेणू सापडला. पानं खुडली तरी पुन्हा फुटतात. त्या रेणूला प्रयोगशाळेत उरलेला भाग जोडला की टॅक्सॉल तयार होतं. याच वाटेने डोसिटॅक्सेल हे भावंडही आलं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. यूची साल किंवा पानं उकळून पिणं हा उपचार नव्हे. त्यात हृदय बंद पाडणारी टॅक्सीन नावाची विषं असतात. शुद्ध टॅक्सॉलही पाण्यात विरघळत नाही. एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात ते शिरेतून द्यावं लागलं, आणि त्या द्रावकाची तीव्र ॲलर्जी येऊ नये म्हणून आधी स्टेरॉइड देण्याची पद्धत पडली.

आता यूच्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवूनही हे औषध काढतात. त्यासाठी एकाही झाडाची साल सोलावी लागत नाही.