खांबातून आरपार

'जपानी देवळांत एकही खिळा नाही, म्हणून ती भूकंपात पडत नाहीत' असा मजकूर मोबाइलवर अधूनमधून येतो. सोबत फोटो असतो जपानमधल्या नारा शहराजवळच्या होर्यूजी मंदिराच्या पाच मजली मनोऱ्याचा. मनोरा अस्सल जुना आहे. त्याच्या मधल्या खांबाचं झाड इसवी सन ५९४ मध्ये तोडलं, हे खोडातल्या वर्तुळांवरून कळलं. पण होर्यूजीत खिळेही आहेत, लोहारानं घडवलेले.

खरी करामत सांध्यात आहे. नारातल्याच तोदाईजी मंदिराचा ११९९ सालचा महादरवाजा बघा. त्याच्या १८ उंच खांबांना भोकं पाडून आडव्या तुळया आरपार ओवल्या आहेत. या तुळईला म्हणतात 'नुकी'. फटीत लाकडाची पाचर ठोकली की झालं.

जमीन हलली की खांब कलतो आणि भोकाची कड तुळईत रुतते. लाकूड म्हणजे लांबट नळ्यांची जुडी. स्ट्रॉची जुडी उभी धरून दाबली तर ती खूप भार पेलते आणि मग एकदम मोडते. आडवी ठेवून दाबली तर नुसती चेपत जाते. नुकी अशी आडवी दाबली जाते. बल आणि कल यांचा आलेख काढला, तर प्रत्येक हेलकाव्याला एक बंद वळसा मिळतो. वळशाच्या आतलं क्षेत्रफळ म्हणजे चेपण्यात आणि घर्षणात जिरलेली ऊर्जा. चेपलेल्या जागी फट पडते, म्हणून पुढचे वळसे मध्यावर चिमटल्यासारखे दिसतात. नंतर सुतार पाचर पुन्हा ठोकतो.

मात्र 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांनी १७ जानेवारी १९९५ चा जपानमधल्या कोबे शहरातला भूकंप आठवावा. सहा हजारांहून जास्त माणसं गेली, त्यातली बहुतेक कोसळलेल्या घरांखाली. यात जुनी लाकडी घरं फार होती: मातीत बसवलेली जड कौलं, अपुऱ्या भिंती, कुजलेले खांब. म्हणून २००० साली जपानच्या बांधकाम नियमांनी खांबांच्या टोकांना धातूच्या पट्ट्या आणि भिंतींची समतोल मांडणी सक्तीची केली.

हलू देऊन ऊर्जा जिरवण्याचं नुकीचं तत्त्व आता उंच इमारतींत आलंय. कॅलिफोर्नियात सॅन दिएगो इथं २०२३ मध्ये दहा मजली लाकडी इमारत हादरे देणाऱ्या मंचावर तपासली. तिच्या भिंती पायावर मुद्दाम डुलतात, ताणलेल्या पोलादी सळया त्यांना पुन्हा ओळंब्यात आणतात, आणि इंग्रजी यू अक्षरासारख्या पोलादी पट्ट्या वाकून ऊर्जा जिरवतात. वाकलेली पट्टी काढून नवी बसवता येते.